गेमिंगसाठी हेडफोन: बेस हवा, 'स' टोचायला नको, चष्मा आहे. काय घ्यावं?

उशिरा_ऑनलाइन

पीसीवर सीएस२ (काउंटर-स्ट्राइक २) आणि व्हॅलोरंट हे गोळीबाराचे खेळ, शनिवार-रविवार पीएस५ वर एल्डन रिंगसारखे निवांत खेळ. सध्याचा हेडसेट क्लोज्ड-बॅक (कप बाहेरून बंद) आहे. त्याचा बेस नुसता घुमतो आणि शत्रूची पावलं त्यात बुडतात. बजेट माइक धरून दहा हजार, फार तर बारा.

आवडीचं म्हणाल तर बेस हवाच. ढोलाचा टोल छातीत बसला पाहिजे. पण ताशाची कडकड किंवा बोलणाऱ्याचा 'स', 'श' कानात टोचायला लागला की अर्ध्या तासात हेडफोन काढून ठेवावासा वाटतो. चष्मा आहे. खोलीत एसी नाही, पंखा पाचवर असतो.

कुठेही विचारलं तरी 'ओपन-बॅक (जाळीदार, उघड्या कपांचा) घे, साउंडस्टेज (आवाजाचा पसारा) मोठा असतो, पावलं ऐकू येतात' हे एक उत्तर, नाहीतर '७.१ वाला गेमिंग हेडसेट घे' हे दुसरं. मला नेमकं काय आवडतं ते न विचारताच लोक मॉडेल सांगतात. विकत घेण्याआधी स्वतःची आवड तपासायची काही पद्धत आहे का? दुकानात पाच मिनिटं कानाला लावून काही कळत नाही.


खर्जातला

पद्धत आहे, फुकट आहे, आणि त्यासाठी सध्याचाच हेडसेट पुरतो. मॉडेलची नावं नंतर बघू. आधी 'बेस हवा, टोचायला नको' हे आकड्यांत उतरवा.

बेस 'घुमतो' म्हणताय, म्हणजे बहुतेक १५० ते ३०० हर्ट्झचा पट्टा फुगलाय. ढोलाचा टोल छातीत बसतो तो त्याच्या खाली, साधारण ५० ते १०० मध्ये. या दोन्हींना लोक 'बेस'च म्हणतात आणि तिथेच खरेदी फसते. पावलांचं म्हणाल तर त्यांचा 'धप' साधारण १०० ते ३०० मध्ये असतो, पण पाऊल लाकडावर पडलं की लोखंडावर, जवळ की लांब, ही ओळख पटवणारी खरखर २ ते ५ हजार हर्ट्झमध्ये. वरचा बेस फुगला की तो 'धप' सगळीकडे सारखाच ऐकू येतो आणि खरखर झाकली जाते. 'स' टोचतो तो ६ ते ९ हजारांत.

आता कृती.

इक्वलायझर एपीओ टाका (आवाजाचे वेगवेगळे पट्टे कमीजास्त करणारं सॉफ्टवेअर, विंडोजवर फुकट). इन्स्टॉल होताना कुठल्या डिव्हाइसवर लावायचं ते विचारतो, तिथे तुमच्या हेडसेटचीच खूण करा आणि पीसी रीस्टार्ट करा. वर पीस नावाचा इंटरफेस टाकला की काम सोपं होतं. तुमच्या हेडसेटचं मोजमाप ऑटोईक्यूच्या (हेडफोनसाठी तयार दुरुस्त्या देणाऱ्या संग्रहाच्या) यादीत असेल तर तिथली दुरुस्ती आधी लावा, म्हणजे सुरुवात बऱ्यापैकी सपाटीवरून होईल. नसेल तरी चालेल, फक्त मग निघणारे आकडे 'या हेडसेटच्या तुलनेत' आहेत हे लक्षात ठेवायचं.

चार फिल्टर लावा (लो शेल्फ म्हणजे त्या आकड्याखालचं सगळं, पीक म्हणजे त्याच्या आसपासचं; क्यू जितका मोठा तितका पट्टा अरुंद):

१०५ हर्ट्झ, लो शेल्फ, क्यू ०.७
२२० हर्ट्झ, पीक, क्यू १
३००० हर्ट्झ, पीक, क्यू १
७५०० हर्ट्झ, पीक, क्यू २

चारही शून्यावर. प्रीअँप (आवाजाची एकूण पातळी) उणे ६ डीबीवर आणून तिथेच ठेवा, फिल्टर कमीजास्त केले तरी त्याला हात लावायचा नाही. बेस ६ डीबीने वाढवला आणि प्रीअँप शून्यावर राहिला तर ग्रेनेड फुटताना आवाज फाटतो, आणि लोक समजतात हेडफोनच भंगार आहे.

एका वेळी एकच फिल्टर, २ डीबीच्या पायरीने. एक पायरी बदलली की किमान एक पूर्ण सामना खेळा. दोन पर्याय लगेच आलटून पालटून ऐकायचे असतील तर व्हॉल्यूम सारखा करून घ्या. एक-दोन डीबीने मोठा असलेला आवाज कानाला नेहमीच 'चांगला' वाटतो, मग तो काहीही असो. वाढवलेला ट्रेबलही (वरचे, बारीक सूर) पहिल्या दहा मिनिटांत 'वा, काय स्पष्ट' वाटतो आणि तासाभराने डोकं धरतं. म्हणून ७५०० चा निकाल सामन्याच्या शेवटी लावायचा, सुरुवातीला नाही.

ऐकायला काय घ्यायचं? ढोल-ताशाचं बरं रेकॉर्डिंग उत्तम, एकाच तुकड्यात दोन्ही टोकं मिळतात. तबलाही चालेल: बायाँचा घुमारा खालच्या फिल्टरसाठी, दायाँची चाट वरच्यासाठी. 'स'साठी बातम्या वाचणारा कुठलाही आवाज. आणि दिशेसाठी सीएस२ मध्ये न्यूक नकाशा, कारण तिथे दोन्ही बॉम्बसाइट वरखाली आहेत. मित्राला प्रायव्हेट लॉबीत घ्या, तुम्ही डोळे मिटून एका जागी उभे राहा, त्याला समोर, मागे, वर, खाली पळवा आणि बोटाने दिशा दाखवा. वीसपैकी किती बरोबर आली ते लिहून ठेवा. सेटिंग बदलल्यावर पुन्हा वीस. इथे आवडीनिवडीचा प्रश्नच राहत नाही, आकडा सांगतो.

तपासताना सीएस२ चं ईक्यू प्रोफाइल 'नॅचरल'वर ठेवा. 'क्रिस्प' ठेवून ७५०० चा फिल्टर कमी करणं म्हणजे एका हाताने वाढायचं आणि दुसऱ्याने काढायचं.

शेवटी चार आकडे हातात येतील. ते इथे टाका, मग मॉडेलचं बोलू.

जाता जाता: आवड माणसागणिक बदलते, पण अगदी वाट्टेल तशी नाही. हार्मन या ऑडिओ कंपनीत शॉन ऑलिव्ह यांच्या गटाने श्रोत्यांची विभागणी केली तेव्हा साधारण ६४ टक्के लोकांना त्यांची ठरवलेली वक्ररेषा (कुठला सूर किती मोठा हवा ते दाखवणारी) जशीच्या तशी आवडली, १५ टक्क्यांना त्याहून जास्त बेस हवा होता आणि २१ टक्क्यांना कमी. तुम्ही त्या १५ मधले आहात की तुम्हाला फक्त २२० चा फुगवटा काढायचा आहे, हे या कृतीतून कळेल.


कान_शाबूत

पंखा पाचवर, मग ओपन-बॅक कशाला? हा प्रश्न कुणी विचारत का नाही कळत नाही. ओपन-बॅकची शिफारस करणारे बहुतेक परीक्षक थंड, शांत खोलीत बसलेले असतात. मार्च ते जून आपल्याकडे पंखा बंद करून कोण खेळणार आहे?

ओपन-बॅक बाहेरचा आवाज जवळजवळ अडवतच नाही. पंख्याची घरघर आणि वाऱ्याचा सूं आवाज थेट कानात, आणि झाकली जातात ती नेमकी सर्वांत हळू पावलं. मग तुम्ही व्हॉल्यूम वाढवता, आणि पुढची एडब्ल्यूपी बंदुकीची गोळी कानठळ्या बसवते. क्लोज्ड-बॅकही खालची घरघर फारशी थांबवत नाही, पण वरचा सूं आवाज चांगलाच कमी करतो, आणि पावलांची खरखर त्याच पट्ट्यात असते. इन-इअर (कानाच्या आत बसणारे) नीट बसले तर दोन्हींपेक्षा सरस.

व्हॉल्यूमचं गणित माहीत असू द्या. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा ८० डीबीला आठवड्याला ४० तास. दर ३ डीबीला वेळ निम्मा: ८३ ला २० तास, ८६ ला १०, ९० ला फक्त ४. रोज तीन तास खेळणारा आठवड्याला २१ तास खेळतो, म्हणजे सरासरी ८३ च्या आत राहायला हवं.

साउंडस्टेजबद्दल: सीएस२ आणि व्हॅलोरंटमध्ये समोर-मागे, वर-खाली ही दिशा गेमचं एचआरटीएफ (डोकं आणि कान आवाज कसा बदलतात त्याचं) गणित तयार करतं. डावं-उजवं कळतं ते दोन कानांतल्या वेळेच्या आणि तीव्रतेच्या फरकातून, आणि तो फरक कुठल्याही धड हेडफोनमध्ये येतो. हेडफोनने दोनच गोष्टी करायच्या: डावा-उजवा ड्रायव्हर (कपातला छोटा स्पीकर) सारखा वाजला पाहिजे, आणि ५ ते १० हजारांत मोठे खड्डे-उंचवटे नकोत, कारण कानाच्या पाळीमुळे होणारे समोर-मागचे बदल तिथेच असतात. ओपन-बॅकमध्ये आवाज डोक्याबाहेर आल्यासारखा वाटतो हे खरं, आणि एल्डन रिंगमध्ये ते छानही वाटतं. पण त्याने दिशा जास्त अचूक कळते असं नाही.

७.१ चं (चहूबाजूंनी स्पीकर असल्याचा भास) तर बोलूच नका. त्या हेडसेटमध्ये बहुतेक वेळा ड्रायव्हर दोनच असतात, बाकी सगळं सॉफ्टवेअर. गेमचं एचआरटीएफ चालू, वर हेडसेटचं ७.१ चालू, त्यावर विंडोज सॉनिक (विंडोजचा तसाच भास): तीनदा प्रक्रिया झालेला आवाज पाइपातून आल्यासारखा येतो आणि समोर-मागचं पार गायब होतं. गेममधलं एकच चालू ठेवा, विंडोजचं स्पेशियल साउंड बंद, हेडसेटचं बटण बंद.


तारेवरचा

वरच्या दोघांशी सहमत. फक्त खिशाला बसणारी एक गोष्ट राहिली: हेडफोनला लागणारी ताकद. नाहीतर कुणीतरी २५० ओहमचा (ओहम म्हणजे विद्युत रोध) बेयरडायनॅमिकचा डीटी ९९० प्रो हेडफोन सुचवेल आणि तुम्ही तो कंट्रोलरच्या जॅकमध्ये खुपसाल.

नुसते ओहम बघून काही ठरत नाही, सेन्सिटिव्हिटीही (ठरावीक विजेवर किती आवाज निघतो ते) बघावी लागते. खोक्यावर डीबी प्रति मिलीवॅट दिलेलं असेल तर ते प्रति व्होल्टमध्ये असं बदला: त्यात १० × लॉग (१००० भागिले ओहम) मिळवा. डीटी ९९० प्रो २५० ओहम: ९६ + ६ = १०२ डीबी, एका व्होल्टला. डीटी ७७० प्रो ८० ओहम: ९६ + ११ = १०७. सेनहायझर एचडी ५६०एस १२० ओहमचा आहे, पण कंपनीच थेट एका व्होल्टला ११० डीबी सांगते, म्हणजे ओहम जास्त असूनही हाकायला सोपा.

आता गरज किती? सरासरी ७५ डीबीवर खेळलात तर स्फोटांचे उंचवटे त्याच्या वर २०-२५ डीबी जातात, म्हणजे १००. वर प्रीअँप उणे ६ केलाय, तो भरून काढायचा तर १०६. एक व्होल्ट देणाऱ्या छोट्या यूएसबी-सी डाँगलवर ८० ओहमचा डीटी ७७० जेमतेम पोहोचतो, २५० ओहमचा डीटी ९९० चार डीबी कमी पडतो. खरा अँप (हेडफोनला ताकद देणारं वेगळं यंत्र) घेतला की प्रश्न मिटतो, पण दहा हजारांत अँपचे पैसे कुठून काढणार?

ॲपलचा छोटा डाँगल विंडोजवर बिनतक्रार चालतो. अँड्रॉइडवर मात्र त्याचा व्हॉल्यूम फारच कमी राहतो आणि युरोपीय आवृत्ती मुळातच अर्धा व्होल्ट देते, हे ध्यानात ठेवून घ्या.

कॅबिनेटच्या पुढच्या जॅकमध्ये माउस हलवला की 'किर्रर्र' येत असेल तर तो हेडफोनचा दोष नाही. ग्राफिक्स कार्डाच्या शेजारून जाणाऱ्या तारेत गडबड शिरते. मागचा जॅक वापरा, किंवा कुठलाही साधा यूएसबी डाँगल लावा, आवाज जागीच थांबतो.


उशिरा_ऑनलाइन

आकडे आले. आधी पीसचे स्लायडर हलवूनही काहीच फरक पडत नव्हता. विंडोजच्या साउंड सेटिंगमध्ये 'ऑडिओ एन्हान्समेंट्स' बंद होतं, ते चालू केल्यावर लागलं.

१०५ ला +४, २२० ला -४, ३००० ला शून्य, ७५०० ला -३. ऑटोईक्यूमध्ये माझं मॉडेल सापडलं, त्यामुळे सुरुवात सपाटीवरून. न्यूकच्या चाचणीत वीसपैकी ११ वरून १६.


खर्जातला

झकास. विंडोजमधला ऑडिओ ड्रायव्हर (सॉफ्टवेअर) अपडेट झाला की इक्वलायझर एपीओ पुन्हा मुकाट बंद पडू शकतो. तेव्हा डिव्हाइस सिलेक्टर उघडून खूण पुन्हा करायची, आणि तरीही चालला नाही तर त्याच खिडकीतल्या ट्रबलशूटिंग पर्यायांत एसएफएक्स/ईएफएक्स निवडून रीस्टार्ट. 'काल चालत होतं, आज नाही' या तक्रारीचं हे नेहमीचं कारण.

आता आकडे वाचू. ३००० ला शून्य म्हणजे माणसाचा आवाज, पावलांची खरखर तुम्हाला आहे तशीच हवी. फार मागे ढकललेला, 'मऊ' हेडफोन नको. २२० ला उणे ४ लागलं, म्हणजे सुरुवातीचा अंदाज बरोबर: वरचा बेस खुपत होता, खालचा नव्हे. आणि १०५ ला +४ म्हणजे तुम्ही खरोखरच बेसवाल्यांपैकी. तिथेच साधा ओपन-बॅक डायनॅमिक बाद होतो. तो ५०-६० च्या खाली उतरत जातो, तिथे +४ दिलं की ड्रायव्हरचा पडदा फार हलतो आणि आवाज चोंदतो. एचडी ५६०एस कितीही चांगला असला तरी तुमच्यासाठी नाही. तसंच ७५०० ला उणे ३ हवं असणाऱ्याने डीटी ९९० आणि सॅमसन एसआर८५० च्या वाटेला जाऊ नये, दोघांचाही ट्रेबल चढा आहे.

उरतात क्लोज्ड-बॅक आणि इन-इअर.

डीटी ७७० प्रो (८० ओहम): खालचा बेस तुमच्या मनासारखा. मखमली पॅड, चष्म्याला सोयीचे. पण वर बेयरडायनॅमिकचा तो नेहमीचा ८ हजारांजवळचा सुळका. पीसीवर फिल्टर लावून बसवाल, पीएस५ वर इक्वलायझर एपीओ कुठून आणणार? तिथे 'स' टोचणारच. केबलही काढता येत नाही, तार तुटली की सोल्डरिंग आलं. माइक वेगळा.

हायपरएक्स क्लाउड अल्फा: ६५ ओहम, कंट्रोलरवरही चालतो, माइक काढता-लावता येतो, बेस भरपूर. ट्रेबल डीटीइतका टोचरा नाही. पीसीवर २२० ला थोडी कात्री लावली की काम झालं. तुमच्या बजेटमध्ये सर्वांत कमी कटकटीचा पर्याय हाच. पॅड लेदरेटचे आहेत, त्याबद्दल खाली कुणीतरी लिहीलच.

ऑडिओ-टेक्निका एम५०एक्स: बेस आहे, पण कप उथळ, चष्म्याची दांडी दाबते. एकेजी के३७१: कागदावर तुमच्यासाठीच बनलेला, पण कानाभोवती हवा जराही निसटली की बेस कोसळतो, आणि चष्म्याने हवा निसटणारच.

इन-इअर: खरं सांगायचं तर आकड्यांवरून मी इथेच थांबलो असतो. चष्म्याचा प्रश्न नाही, पंख्याचा आवाज अडतो, बेस पूर्ण खालपर्यंत जातो. ट्रुथिअर झीरो रेड बघा. त्याच्यासोबत १० ओहमचा छोटा अडॅप्टर येतो, तो लावला की बेस आणखी वाढतो. त्यात जादू नाही: ड्रायव्हरचा ओहम सगळ्या फ्रिक्वेन्सींना सारखा नसतो, म्हणून मध्ये रोध टाकला की समतोल बदलतो. थोडक्यात, पीएस५ साठी लागणारा बेसचा इक्वलायझर तारेतच मिळतो. उरलेल्या पैशांत टेबलावरचा बरा माइक येतो.

इन-इअरचा एक स्वभाव सांगून ठेवतो. ८ हजारांच्या आसपासचा उंचवटा रबरी टिप किती आत गेली त्यावर सरकतो. 'स' टोचला तर लगेच विकायला काढू नका, आधी टिप बदला: एक माप मोठी, मग थोडी आत, मग फोमची. बेस पातळ वाटला तर टिप सैल आहे. दोन कानांना वेगवेगळं माप लागणं अगदी नेहमीचं.


पायरव

लेदरेटच्या पॅडबद्दल मीच लिहितो. कोकणपट्टीत, मुंबईत, गोव्यात दमट हवेत आणि घामात कृत्रिम चामड्याची पापुद्री सुटते. काळे कण कानामागे चिकटायला लागले की पॅड गेला समजा. प्रश्न दिसण्याचा नाही. पॅड चपटा झाला की ड्रायव्हर कानाजवळ येतो, सील (कानाभोवतीची हवाबंद पकड) सुटतं आणि सगळ्यात आधी खालचा बेस जातो. वर्षभराने 'हेडफोनचा बेस कमी झाला' म्हणतात ते बऱ्याचदा हेच. घेण्याआधी त्या मॉडेलचे सुटे पॅड भारतात मिळतात का ते बघा. खेळून झालं की सुती कापडाने पुसून उघड्यावर टांगा, खोक्यात कोंडू नका.

लेदरेट काढून मखमली पॅड लावायचा मोह होतो, गार वाटतात म्हणून. लावा, पण मखमलीतून हवा झिरपते, बेस उतरतो आणि ट्रेबल चढतो. तुमच्या आवडीच्या नेमकं उलटं. बाजूला छिद्रं असलेले किंवा आत चामडं नि बाहेर कापड असे मिश्र पॅड हा मधला मार्ग. पॅड बदलले की जुना ऑटोईक्यूचा प्रोफाइल रद्द, कारण ते मोजमाप मूळ पॅडवरचं असतं.

चष्म्यासाठी: पातळ, सरळ धातूची दांडी असेल तर गळती कमी. किती फरक पडतो ते बघायला ५० हर्ट्झचा टोन लावा आणि चष्मा काढून-घालून ऐका. फरक मोठा असेल तर तेवढा बेस तुम्ही कायमचा गमावणार आहात. दाब जास्त वाटला तर धातूच्या पट्टीचा हेडफोन पुस्तकांच्या गठ्ठ्यावर रात्रभर ताणून ठेवला तरी चालतो. प्लास्टिकच्या पट्टीला हा प्रयोग करू नका, कप जिथे जोडलेला असतो तिथे तडकते.

आणि डबा उघडल्या दिवशी, परत करायची मुदत संपायच्या आत, दोन गोष्टी. १ किलोहर्ट्झचा मोनो टोन: आवाज बरोब्बर डोक्याच्या मधोमध यायला हवा. एका बाजूला झुकला तर हेडफोन उलटा घाला. आवाजही दुसऱ्या बाजूला गेला तर दोष हेडफोनचा किंवा सेटिंगचा, तिथेच राहिला तर तुमच्या कानाचा. मग २० ते २०० हर्ट्झचा स्वीप, मध्यम आवाजात. कुठेतरी 'टर्रर्र' वाजलं तर आधी पॅड काढून बघा. केस किंवा कापडाचा धागा पडद्याला टेकलेला असतो. चिमट्याने हलकेच उचला, फुंकर मारू नका. तरीही वाजलं तर ड्रायव्हर खराब, परत पाठवा.


मधली_फळी

एवढा खटाटोप कशाला? विंडोजमध्ये 'लाउडनेस इक्वलायझेशन'ला खूण करा, पावलं मोठी, गोळ्या लहान. फुकटात.


कान_शाबूत

@मधली_फळी, पावलं मोठी होतात हे खरं. पण जवळचं आणि लांबचं पाऊलही सारखंच मोठं होतं. अंतराचा अंदाज आवाजाच्या पातळीवरूनच येतो, तीच सपाट केली तर हातात फक्त 'कुणीतरी आहे' एवढंच राहतं. शिवाय गोळीबारानंतर क्षणभर सगळं दबतं आणि मग हळूहळू फुगतं. त्या मधल्या क्षणात मागून आलेला ऐकू येत नाही. रिलीज टाइमचा स्लायडर सर्वांत लहान ठेवला तर त्रास थोडा कमी होतो. रात्री घरातले झोपलेत आणि स्पीकरवर गोष्टीचा गेम खेळायचाय, तर जरूर वापरा. सीएस२ मध्ये नको.


गल्ली_बॉम्बसाइट

पीसी नाही, मोबाइलवर बीजीएमआय खेळतो. हे सगळं ब्लूटूथ इअरबड्सना लागू आहे का? आणि टाइप-सीच्या स्वस्त अडॅप्टरने आवाजच येत नाही, तो खराब आहे का?


तारेवरचा

इअरबड्सचा सूर आवडेल, पण वेळ चुकेल. साध्या एसबीसी कोडेकवर आवाज साधारण १५० ते २५० मिलीसेकंद उशिरा येतो. 'गेम मोड'ने ते कमी होतं, तारेइतकं होत नाही. वरून माइक चालू केला की ब्लूटूथ कॉलच्या प्रोफाइलवर जातं आणि आवाज मोनो होऊन चिरका होतो. मोनो म्हणजे दिशा संपली. स्क्वॉडशी बोलत खेळायचं तर तार घ्या, किंवा २.४ गिगाहर्ट्झचा स्वतःचा डाँगल असलेला वायरलेस. तो ब्लूटूथ नसतो, म्हणून उशीर जाणवत नाही.

अडॅप्टर खराब असेलच असं नाही. काही अडॅप्टरमध्ये नुसत्या तारा जोडलेल्या असतात, ते फक्त टाइप-सीमधून थेट ॲनालॉग आवाज काढणाऱ्या फोनवर चालतात. बाकी फोनना आत डॅकची (डिजिटलचा ॲनालॉग आवाज करणारी) चिप असलेला अडॅप्टर लागतो. घेताना वर्णनात 'डॅक' लिहिलंय का ते बघा. अडॅप्टर पीसीच्या टाइप-सीला लावून नवीन साउंड डिव्हाइस दिसतं का तेही बघता येईल. दिसलं तर चिप आहे.

मूळ प्रश्नकर्त्यांसाठी माइकचं राहिलं होतं. इन-इअर घेतलेत तर कॉलर माइक घेण्याआधी त्याच्या पिनवरच्या काळ्या रेघा मोजा. तीन रेघा म्हणजे फोनची पिन, ती पीसीच्या गुलाबी जॅकमध्ये थेट चालत नाही, वाय-स्प्लिटर लागतो. टेबलावरचा यूएसबी माइक असेल तर तो तोंडापासून वीतभर अंतरावर, कीबोर्ड त्याच्या पाठीमागे आणि पंख्याचा झोत आडवा. गेन कमी, माणूस जवळ. उलटं केलंत तर समोरच्या चौघांना तुमच्यापेक्षा तुमचा पंखाच जास्त ऐकू येईल. कान पूर्ण बंद झाल्यावर माणूस नकळत ओरडून बोलतो, त्यामुळे साइडटोनची (स्वतःचाच आवाज कानात ऐकू येण्याची) सोय असलेला माइक मिळाला तर बघा, घरच्यांची झोप वाचेल.


उशिरा_ऑनलाइन

झीरो रेड आणि यूएसबी माइक मागवतोय. पीएस५ वर १० ओहमचा अडॅप्टर कंट्रोलरच्या जॅकमध्ये लावला तर माइकचं काय होईल?


खर्जातला

माइक टेबलावरचा यूएसबी आहे ना, मग काही होत नाही. तो कन्सोलच्या यूएसबीला लावा आणि सेटिंगमध्ये माइक म्हणून तोच निवडा. अडॅप्टर फक्त आवाजाच्या वाटेत बसतो. व्हॉल्यूम थोडा उतरेल, तेवढा वाढवून घ्या. सेटिंगमधलं थ्रीडी ऑडिओचं प्रोफाइल एकदा तपासून घ्या. त्यात आवाज कानाच्या उंचीवर येतोय असं वाटेल तो पर्याय निवडायचा, आणि ही निवड नवीन इन-इअर घालूनच करा. जुन्या हेडसेटवर केलेली निवड त्याला लागू पडेलच असं नाही.